लाल चिठ्ठीचे पोहे

माझ्या घरमालकांनी कांद्याला व्हर्नियर लावलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. व्हर्नियर म्हणजे लोखंडाची जाडी मोजायची सरकती पट्टी. सकाळचे साडेसहा वाजलेले, ओट्यापाशी सोळा वर्षांचा पोरगा सुरी घेऊन उभा, आणि हे गृहस्थ चष्मा कपाळावर सारून कांद्याचा एक काप चिमटीत धरून मोजताहेत.

"तीन पॉइंट चार," ते म्हणाले. "तीनच्या वर जायाचं न्हाई म्हनलं हुतं का न्हाई?"

"पप्पा, कांदा आहे तो."

"मग? कांदा हाय म्हनून कसाबी कापायचा व्हय?"

मी दारात भाड्याचे पैसे घेऊन उभा होतो. हसू दाबून तसाच वर गेलो.

तळवड्यात त्यांच्या घराच्या वरची खोली माझ्याकडे होती. मी परभणीचा, एकटा, नुकता नोकरीला चिकटलेला. कंपनीही दोघांची एकच. गाडीच्या सीटखाली बसतात त्या लोखंडी पट्ट्या आम्ही करायचो. मी प्रेसवर, ते तपासणीला. कंपनीत त्यांना सगळे मामा म्हणायचे, म्हणून मीही मामाच म्हणायचो, आणि त्यांच्या बायकोला मामी. मामा मूळचे इथलेच. त्यांच्या शेतात आता कुणाचं तरी गोदाम उभं आहे. त्याच्या भिंतीला पोक आलाय, हे मामांनी त्या गोदामवाल्याला आपण होऊन जाऊन सांगितलं होतं.

हा माणूस कुणाच्या शब्दावर कधी विसंबला नाही. लग्नात गेले तर बसायच्या आधी खुर्ची उलटी करून पाय बघणार. रिक्षावाल्यानं "आलो मामा" म्हटलं तरी पाटी वाचल्याशिवाय उतरणार नाहीत. डॉक्टरनं साखरेची गोळी लिहून दिली, तर औषधवाल्याकडून पाकीट घेऊन परत डॉक्टरला दाखवून आले. आणि कौतुक? कौतुकाचा त्यांच्याकडे एकच शब्द होता, "चालंल". तो शब्द मला तीन वर्षांत दोनदा मिळाला. एकदा प्रेसच्या कामाबद्दल आणि एकदा खोली झाडली होती म्हणून.

शिफ्ट सुरू झाली की प्रत्येक मशीनचा पहिला नग मामांकडे जायचा. त्यांनी मोजून सही केली की हिरवी चिठ्ठी, मग पुढचं काम. नाही आवडला तर लाल चिठ्ठी आणि नग लाल पेटीत. एकदा नव्या साहेबांनी फर्मान काढलं की यापुढे ज्यानं माल केला त्यानंच तपासायचा आणि त्यानंच सही करायची. मीटिंगमध्ये मामा उभे राहिले. "ज्यानं केलं त्यानंच तपासायचं? मग चोरालाच पंचनाम्याला बसवा की!" हॉल हसून हसून लोळला. बाकी सगळ्या लाईनींवर ती पद्धत आली. मामांच्या लाईनवर आणायची साहेबांची छाती झाली नाही.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. एका दुपारी त्यांच्या हातून मोजायचं गेज खाली पडलं. कुणी बघितलं नव्हतं, फक्त मी. त्यांनी ते उचललं, एकच नग त्यावर तीनदा मोजला, तीनदा वेगळा आकडा आला. "तीनदा येगळं आलं की नग बाद नसतोय, गेज बाद असतंय," ते मला म्हणाले. गेजला लाल चिठ्ठी बांधली. आधीपासूनच गडबडलेलं असेल तर काय, या शंकेपोटी त्या गेजनं आठवडाभरात जे जे मोजलं होतं, तो सगळा माल गोदामातून परत आणवला. साहेब लालबुंद. गाडी लागलेली, माल उतरवतोय आम्ही, शिव्या खातोय आम्ही. मामा शांतपणे एकेक नग परत मोजत बसले. स्वतःवरसुद्धा हा माणूस विसंबत नव्हता.

तर पोह्यांची गोष्ट अशी. मामी चाकणला वायर जोडणीच्या कंपनीत होत्या. नऊची ड्यूटी, त्यामुळे घरचा नाश्ता उरकून निघायच्या. बारा वर्षांनी त्यांना लाईन लीडर करायचं ठरलं. हाताखाली चाळीस पोरी. अट एकच, कायम पहिली शिफ्ट. साडेपाचला कोपऱ्यावर बस. महिनाभर चालवून बघा, महिन्याच्या शेवटी हो की नाही ते सांगा, असं त्यांचे साहेब म्हणाले होते. मामींनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पाण्याची मोटर लावायला खाली आलो होतो. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पुन्हा कधी बघितला नाही.

अडचण गोळीची होती. मामांना सकाळी पोटभर खाल्ल्याशिवाय साखरेची गोळी घेता येत नसे. एकदा उपाशी घेतली आणि बसस्टॉपवर चक्कर येऊन पडले.

"तुम्हीच करायला शिका की नाश्ता," मामी म्हणाल्या.

"आन् तपासनार कोन?"

"म्हणजे?"

"म्हंजे जो तपासतो त्यानं माल करायचा नसतोय. पोरगा करंल. मी शिकवतो."

मामींनी कपाळाला हात लावला. "अहो, मी शिकवते त्याला दोन दिवसांत. चाळीस पोरी शिकवायच्यात मला!"

"तू न्हाई. तू चाल्लीस ना? मग ही माझी लाईन."

मग मामींनी सरळ सांगून टाकलं. पोराचा नाश्ता पास झाला तर त्या हो म्हणणार, नाही झाला तर नाही. "उपाशी गोळी घेऊन तुम्ही पुन्हा पडलात, तर मला कळायचंसुद्धा नाही. आमचे मोबाईल गेटवर कपाटात ठेवून घेतात." ओंकार, त्यांचा मुलगा, अकरावीला होता. तो आईला म्हणाला, "तू जा गं. होईल माझ्याकडून." पोरगा वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवशी गॅसच्या वर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद लागला, कंपनीत मशीनवर असतो तसा. पोहे किती, पाणी किती वेळा, मोहरी तडतडल्यापासून किती सेकंदांनी मिरची. ओट्याखाली लाल बादली. पहिली बशी मामांसमोर. मामा बघायचे, दाणे मोजायचे, एक चमचा तोंडात घालून डोळे मिटायचे. आणि लाल चिठ्ठी.

"मीठ कमी."

"फोडनी कच्ची."

"हळद हाय, पन नुसती दिसती."

मग स्वतः साखरेला न चालणारी दोन केळी आणि चार बिस्किटं खाऊन गोळी घ्यायचे. बाद माल परत लाईनवर येता कामा नये, हा कंपनीचा नियम घरातही होता. आणि अन्न त्या लाल बादलीत टाकवेना, म्हणून ती सगळी कढई वर माझ्याकडे यायची. ओंकार दार वाजवायचा, बशी पुढे करायचा. तिच्यावर सुतळीनं बांधलेली लाल चिठ्ठी लोंबत असायची.

पहिले चार-पाच दिवस पोहे खरोखर बाद होते. एकदा गोळा, एकदा भुगा. पण राव, आठव्या-नवव्या दिवसापासून त्या पोरानं जी बाजी मारली! पोहा पोह्याला चिकटत नव्हता, शेंगदाणा कुरकुरीत, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मी त्याआधी सकाळी चौकातला थंडगार वडापाव गिळून कामावर जायचो. आता गरम पोहे दारात, तेही फुकट. मला बोलायला काय झालं होतं? काही नाही. मी खाली जाऊन "मामा, पोहे झकास आहेत" एवढंच म्हणायचं होतं. पण पास झाले असते तर ते माझ्याकडे आले नसते. इतकी साधी, इतकी हलकट गोष्ट होती ती.

संध्याकाळी मामी यायच्या. चपला काढता काढता विचारायच्या, "आज?" ओंकार मान हलवायचा. त्या "असू दे" म्हणून आत जायच्या. जिन्यावरून मला हे सगळं ऐकू यायचं. मी रेडिओ लावायचो.

विसाव्या दिवशी ओंकार बशी देऊन गेला नाही, उभा राहिला.

"दादा, खरं सांगा. यात मीठ कमी आहे?"

माझ्या तोंडात घास होता. घास गिळून मी म्हणालो, "मामांना कळतं रे त्यातलं. तीस वर्षं तपासतायत."

त्यानं बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गेला. त्या पोराच्या डोळ्यांतलं ते बघणं मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

त्या हिवाळ्यात मामांचं कॅन्टीनवाल्याशीही रोज वाजायचं. "आमटीत मीठ न्हाई, भाजीला चव न्हाई, पानी पाजतो काय आमाला?" आम्ही पोरं टेबलाखाली एकमेकांना लाथा मारून हसायचो. आमटी नेहमीसारखीच होती. मामा म्हातारे झाले, किरकिरे झाले, असं आम्ही म्हणायचो. यापलीकडे एकालाही काही सुचलं नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी मामी शांतपणे म्हणाल्या होत्या, "उद्या नऊच्या जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांना सांगायचंय. नाही म्हणून टाकते. नऊची ड्यूटी काय वाईट आहे?" आणि भाकरी थापायला बसल्या.  मामांनाही ते 'नाही' नको होतं, एवढं मला दिसत होतं. पण बाद मालाला हिरवी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या बायकोसाठीसुद्धा लावली नसती.

सकाळी सहाला ओंकारनं मला हाक मारली. "दादा, खाली या. साक्षीदार पाहिजे."

त्यानं बापाला बाहेर ओट्यावर बसवलं होतं. "शेवटची तपासणी आहे पप्पा. तपासणाऱ्यानं मशीनजवळ थांबायचं नसतं ना?" मामांना हे पटलं. "बराबर," म्हणाले. आत ओंकारनं एकच कढई केली. तीन बशा घेतल्या. तीनही माझ्यासमोर त्याच कढईतून भरल्या आणि मला सांगितलं, "बघून ठेवा."

पहिली बशी गेली. मामांनी डोळे मिटले. "मीठ कमी."

दहा मिनिटांनी दुसरी. "ह्ये खारट झालं बघ. घाबरून हात सुटला तुजा."

पुन्हा दहा मिनिटांनी तिसरी.  "ह्ये त्यातल्या त्यात बरं. पन लिंबू पिळायचं इसरलास."

लिंबू मी स्वतः पिळलं होतं. हातांना वास येत होता.

ओंकार बापासमोर उकिडवा बसला.  "पप्पा, तिन्ही बशा एकाच कढईतल्या आहेत. दादांनी बघितलंय. एकच नग तीनदा मोजला."

 मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. मामांनी ती बशी नाकाजवळ नेली. मग उठून स्वयंपाकघरात गेले, हिंगाची डबी उघडली, नाक आत घातलं. मग डबी आमच्यासमोर धरली.

"ह्याला वास हाय?"

"घरभर आलाय, पप्पा."

त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. बराच वेळ तोंड हलवत उभे राहिले. "दिवाळीनंतर ताप आला हुता," ते म्हणाले. "तवापासनं समदं सपकच लागतंय. मला वाटलं, आता मिळतंय ते समदं तसलंच." मग ओंकारकडे न बघता म्हणाले, "म्हंजे म्हैनाभर बाद गेजनं माल तपासला मी."

पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. कंपनीत मी ते उचललं होतं, गाडीवरून उतरवलं होतं.

"मागचा समदा माल परत तपासाया लागंल. कुठं हाय?"

ओंकारनं माझ्याकडे बोट केलं.

"पोटात आहे, मामा," मी म्हणालो. हसू आणायचा प्रयत्न केला, आलं नाही.

"कसा हुता?"

"चांगला होता."

"किती दिस?"

"पहिला आठवडा सोडला तर... रोज."

मामांनी माझ्याकडे बघितलं. लाल पेटीत टाकण्याआधी नगाकडे बघायचे तसं. "आन् तू खात ऱ्हायलास," एवढंच म्हणाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि एकदम घाई सुरू झाली. मामींचा मोबाईल लागणार नव्हता. खिळ्याला लटकलेल्या, महिनाभर हात न लागलेल्या हिरव्या चिठ्ठ्यांतली एक त्यांनी ओढली, पेन काढलं आणि हात थांबला.

"माजी सही चालत न्हाई आता."

माझ्याकडे मान वळवली, परत फिरवली. "ह्याची तर न्हाईच न्हाई. ह्यो फुकट खानारा."

मग चिठ्ठी आणि पेन पोरापुढे धरलं. "कर."

"मी? पण मीच केलेत पोहे."

"व्हय. तुज्याशिवाय हितं कुनाला कळतंय? कर सही."

त्यांच्या त्या मीटिंगमधल्या वाक्याची आठवण करून द्यायची माझी काय बिशाद होती! ओंकारनं 'पोहे. पास.' लिहून शाळेच्या वहीत करतात तशी पूर्ण नावाची सही केली. मामांनी पोहे डब्यात भरले, चिठ्ठी बांधली आणि मला म्हणाले, "गाडी काढ. तेवढं तरी कर."

ओंकार कॉलेजला गेला आणि आम्ही ड्यूटी बुडवून माझ्या मोटरसायकलवरून चाकणला निघालो. म्हाळुंग्याच्या रस्त्याला कंटेनरची रांग, इंच इंच पुढे सरकतेय. एरवी सिग्नल पिवळा झाला तरी पाय टेकायला लावणारा हा माणूस मागून माझ्या पाठीत बुक्क्या मारत होता. "कडंनं घाल! मातीतनं घाल!" डबा त्यांनी पोटाशी धरला होता.

गेटवर सिक्युरिटीवाल्यानं अडवलं. बाहेरचं खाणं आत जात नाही, असा नियम होता. मी हुज्जत घालायला तोंड उघडलं, तर मामाच म्हणाले, "त्येचा नियम बराबर हाय." त्यांनी डब्याची चिठ्ठी सोडली. "ही तरी जाईल का? वायरच्या हारनेस लाईनवर."

सिक्युरिटीवाल्यानं वाचली. "पोहे. पास. हे काय आहे काका?"

"आत कळंल तिला. जेवायच्या सुट्टीच्या आत पोचाया पायजे."

त्या भल्या माणसानं एका पोराला पिटाळलं. मग डब्याकडे बघून हसला. "आणि हे परत नेणार?" मामांनी झाकण उघडून डबा त्याच्यापुढे केला. त्यानं उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. मामा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"एकदम बरोबर. कुणी केलेत? वहिनींनी?"

"पोरानं," मामा म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड फिरवून उभे राहिले. बराच वेळ उपरण्यानं चष्मा पुसत होते.

मामी हो म्हणाल्या. साहेबांच्या केबिनच्या दारात होत्या, तेव्हा चिठ्ठी हातात पडली. "पोराचं अक्षर ओळखलं आणि वाटलं, यांना काय झालं? हे कुठं गेले?" असं त्यांनी संध्याकाळी सांगितलं. चिठ्ठीवर नवऱ्याची सही नाही म्हणून बाई घाबरल्या होत्या. मग त्यांनी मामांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तापानं गेलंय, आलं तर येईल, नाही तर नाही. ते काही आलं नाही. कॅन्टीनवाल्याची मामांनी भर जेवणात सगळ्यांसमोर माफी मागितली. मला मात्र कधीच काही बोलले नाहीत. मी माझे पोहे शिकलो, जमतील तसे.

खोली सोडून मला आता काही वर्षं झाली. परवा रविवारी सहज गेलो होतो. मामा रिटायर झालेत, मामी अजून पहिल्या शिफ्टला, त्या दिवशी सुट्टीवर. ओंकारला नोकरी लागलीय हिंजवडीत, पण सकाळचा नाश्ता त्याचाच. त्यानं चौघांच्या बशा मांडल्या. मामांनी बशी पुढे ओढली आणि नुसतं विचारलं, "झालं?"

"झालं, पप्पा."

खुर्चीचे पाय बघणारा तो माणूस खाली मान घालून खाऊ लागला. चव नाही, वास नाही, पोरानं झालं म्हटलं म्हणून झालं. मी एक घास घेतला आणि जुनं कर्ज फेडावं तसं, या वेळी लगेच बोललो, "मामा, मीठ जरा कमी वाटतंय."

मामांनी मानही वर केली नाही.

"त्येची सही झालीया," ते म्हणाले. "खा गप."